दुसऱ्या स्टुलाचं भाडं

प्रिय अविल्दा,

फोन तू घेत नाहीस, म्हणून कागद घेतला. तुझी सून यारित्झा दर वेळी एकच सांगते, "मिसी, त्या झोपल्यात." सकाळी दहाला झोपल्यात, दुपारी चारला झोपल्यात, रविवारी चर्चमधल्या मिसाच्या प्रार्थनेच्या वेळेलाही झोपल्यात. शेवटी मी तिला विचारलं, "अगं, ती माझी मैत्रीण आहे की मांजर?" तर ती हसली. फ्लोरिडाला गेलं की माणसं उगाचच हसायला लागतात, असं माझं निरीक्षण आहे. असो. पत्राला झोपेचं वावडं नाही. ते उशाशी पडून राहील आणि कधीतरी तू ते उघडशील.

काम धंद्याचं आहे. संत मिगेलचा उत्सव महिन्याभरावर आला. चेहरे रंगवण्याचा आपला स्टॉल यंदा घ्यायचा की नाही, हे शुक्रवारपर्यंत समितीला सांगायचं आहे. धंदा दोघींचा, तेव्हा निम्मं मत तुझं. तू ते देत नाहीस, म्हणून मी इथे एकटीच दोन्ही बाजूंनी भांडते आहे.

आधी भाड्याचं ऐक आणि बसून ऐक. चारशे डॉलर! ओस्वाल्दो आता समितीचा अध्यक्ष झालाय. तोच, ज्याला अपूर्णांक शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले. मी गेले तेव्हा साहेब पंख्याखाली बसून तळलेल्या, गरम अल्कापुर्रिया खात होते. तेलकट बोटं अर्जाला पुसत मला शाळेतल्यासारखंच म्हणाला, "मिसी, लाइट, सफाई, पहारा, सगळं त्यात आलं बरं का." मी म्हटलं, "पोरांचे गाल रंगवायला वीज किती लागते रे? आणि पहारा कशाचा? माझा ब्रश कोण चोरणार?" तर म्हणे नियम सगळ्यांना सारखा. म्हणजे जो भाजलेलं डुक्कर विकतो, तीन दिवसांत सहा डुकरं संपवतो आणि त्याचा सगळा धूर माझ्या पांढऱ्या रंगावर सोडतो, तो आणि मी सारखे. हा न्याय अपूर्णांकांतूनच आला असणार. खालचा अंक काय आणि वरचा काय, हे त्याला तेव्हाही कळत नव्हतं.

मी उठायला लागले, तर त्याला माझी दया आली. म्हणाला, "तुम्ही एकट्याच ना आता? मग ती कोपऱ्यातली अरुंद जागा घ्या. एक टेबल, एक स्टूल, अडीचशेत बसवतो." अविल्दा, चारशे ऐकून मी जितकी भडकले नव्हते, तितकी या अडीचशेनं भडकले. मी म्हटलं, "मी एकटी आहे की दुकटी, हे समितीनं ठरवायचं नाही." आणि निघून आले. जिन्यात मला धाप लागली. राग होता, दुसरं काही नाही.

घरी येऊन शांतपणे हिशोब मांडला. तीस वर्षं गणित शिकवलं आहे, चिडले तरी बेरीज चुकत नाही. लोकांना वाटतं उत्सव तीन दिवसांचा, म्हणजे कमाईही तीन दिवसांची. आपल्याला ठाऊक आहे की खरी कमाई रोज संध्याकाळच्या तीन तासांतच होते. दुपारी ऊन असतं, मग मिरवणूक आणि मिसा, आणि एकदा वाद्यवृंद सुरू झाला की आया नाचायला जातात आणि पोरं डुलक्या घेतात. दोघी असताना आपण तासाला बारा चेहरे काढायचो. पाच डॉलरला एक, म्हणजे चारशे भरूनही रंगाचे आणि आपल्या कॉफीचे पैसे सुटायचे. एकटीनं तासाला आठ धरले तर मोठी जागा परवडत नाही, अरुंद परवडते. सहा डॉलर मागितले तर आई लगेच म्हणते, "चल बाळा, घरी गेल्यावर मी काढून देते." जन्मात काढणार नसते. म्हणजे कागदावर ओस्वाल्दो बरोबर आहे. हे लिहिताना माझा हात कसा वळला ते माझं मला माहीत.

पण कागद आणि जत्रा यांत फरक असतो, आणि हा फरक मी फेब्रुवारीत पाहून आले. तुला सांगितलं नव्हतं. शेजारच्या गावात संत्र्यांचा उत्सव होता, जागाभाडं थोडं होतं. म्हटलं, एकटीला जमतं का ते बघू. टेबल मांडलं, आरसा टांगला, स्पंज भिजवले आणि मान वर केली, तर समोर एका विमा कंपनीचा निळा तंबू. त्यात दात दाखवणारी एक मुलगी पोरांच्या गालावर फुकट फुलपाखरं काढत होती. काढत कसली, छाप मारत होती! जाळीचा कागद गालावर धरायचा, वरून रंग थोपटायचा, झालं फुलपाखरू, त्याच्या पंखावर कंपनीचं नाव. सगळ्या पोरांचं एकच फुलपाखरू. संध्याकाळपर्यंत गावभर विम्याची जाहिरात उडत होती. भाडं मी भरलं आणि गिऱ्हाईक तिनं नेलं. मी समितीच्या माणसाला जाऊन विचारलं, तर तो म्हणाला, "बाई, त्यांनी आम्हाला मांडव दिलाय." आता बोल.

तरीही काही मुलं माझ्याकडे आली. चांगली आई असते तिला छाप आणि रेघ यांतला फरक कळतो. पहिला आला तो वाघ मागणारा. मिशीची दुसरी रेघ काढत होते, तेवढ्यात त्याला लांबून पतंग दिसला आणि वाघाची मिशी थेट कानात गेली. दुसरीला राजकुमारी व्हायचं होतं. तिची आई माझी जुनी विद्यार्थिनी निघाली. तिनं पोरीला दरडावलं, "हलू नकोस हं, या मिसी आहेत, फार कडक आहेत." झालं. पोरगी आधी दगड झाली आणि मग रडायला लागली. पाण्याच्या रंगावर अश्रू म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. राजकुमारी हनुवटीवरून गळ्यात उतरली. आईला मी पैसे परत द्यायला लागले, तर तीच घाबरून नको नको म्हणाली. अजूनही मला घाबरते.

तेव्हा मला तुझं काम काय होतं ते दिसलं. इतकी वर्षं मी समजत होते की रंगवते मी आणि तू गप्पा मारतेस. तू त्या दुसऱ्या स्टुलावर बसायचीस, पोराची हनुवटी दोन बोटांवर तोलून धरायचीस आणि काहीतरी अचरट विचारायचीस. "तुमच्या कोंबडीचं लग्न ठरलं का?" "तुझे बाबा घोरतात ते कुठल्या गाण्यात?" पोरगं उत्तर शोधायला लागायचं. उत्तर शोधताना मूल हलत नाही, डोळे वर करतं आणि थांबतं. त्या थांबण्यात माझी एक रेघ पुरी व्हायची. पुन्हा प्रश्न, पुन्हा रेघ. रस्त्यावर दहा जणी चेहरे रंगवतात, पण बारा चेहऱ्यांचा तास फक्त आपलाच का होता, याचं गणित हे असं होतं.

मी पण करून पाहिलं. हसू नकोस. एका मुलाची हनुवटी धरली, काय विचारावं सुचेना, आणि तोंडातून निघालं, "सात आठे किती?" तो स्टुलावरून उतरला आणि गेला. अर्धा हिरवा बेडूक गर्दीत पळत गेला. माझे तासाला आठ ठरले होते, तिथे तीन झाले. आवराआवर करताना शेजारचा संत्रीवाला मोठ्या आदरानं म्हणाला, "डोन्या, पुढच्या वर्षी तुम्ही पण काहीतरी खायचं विका." मी म्हटलं, "तुम्ही माझं डोकं खाताय तेवढं पुरे आहे."

एक गोष्ट मात्र झाली. अगदी शेवटी एक लहानशी मुलगी आली. बरोबर आजोबा होते, त्यांनी नुसती मान हलवली. ती काही मागेना, काही बोलेना. मी हात पुढे केला, तर तिनं आपणहून हनुवटी माझ्या तळहातावर ठेवली, सगळा भार टाकून. मी फूल काढलं. फार वेळ लावून काढलं. पाकळ्या संपल्या तर पानं काढली, पानं संपली तर दवाचे थेंब. तिचा श्वास माझ्या मनगटावर येत होता. माझं ब्रश धुणं झालं तरी तळहात तसाच उघडा होता, हे मला गाडीत बसल्यावर कळलं.

इकडे फारसं काही सांगण्यासारखं नाही. आपल्या गल्लीत वादळानंतर गेलेली घरं बंदच आहेत. आता ग्लोरिमारही मुलीकडे गेली, तिच्या ओसरीवर कुणाच्यातरी कोंबड्या असतात. माझी शाळा बंद झाली ती झालीच, फाटकाला साखळी आहे. मिसात "शांती असो" म्हणायची वेळ आली की आता कुणी हात देत नाही. महामारीत लांबून मान हलवायची सवय लागली ती तशीच राहिली. मी पहिल्या बाकावर बसते, मागे वळून मान हलवते, मागचेही मान हलवतात. खेळण्यातल्या बाहुल्यांसारखे आम्ही सगळे. औषधाच्या दुकानातली मुलगी रक्तदाब बघते तेव्हा दंडाला पट्टा बांधते, तेवढंच. परवा तिनं विचारलं, "मिसी, गेल्या आठवड्यात तर पाहिला होता ना?" मी म्हटलं, "मशीन तुझं आहे की माझं? बघ गुपचूप."

तू आठवतेस ती कॉन्व्हेंटच्या जेवणघरातली. जेवताना मौन पाळायचा नियम होता आणि सिस्टर पेर्पेतुआ टेबलांमधून फिरायची. साठ मुलींत एक तुझंच तोंड चालू. दर बुधवारी तुला व्हरांड्यात उभं करायचे, आणि तिथे तू माळ्याशी बोलत बसायचीस. माळी नसला तर संत अन्तोनियोच्या पुतळ्याशी. चागो गेला तेव्हाही तू शवपेटीजवळ उभी राहून त्याला रागावत होतीस की मोजे शोधायला सांगितले तर शोधत नाहीस आणि आता हे असं. सगळे रडत होते आणि तू नवऱ्याशी भांडत होतीस. मला त्या दिवशी तुझा हेवा वाटला. मग मुलगा तुला घेऊन गेला. विमानतळावरही तू सामान तपासणाऱ्याला त्याच्या आईची चौकशी करत होतीस.

आता खरं लिहिते. गेल्या रविवारी मी यारित्झावर ओरडले. म्हटलं, "मला खोटं सांगू नकोस, कुणी इतकं झोपत नाही." ती रडतच म्हणाली, "मिसी, त्या झोपलेल्या नसतात. खुर्चीत बसलेल्या असतात. ईस्टरपासून त्या कुणाशीच बोलत नाहीत. डॉक्टर म्हणतात घसा ठीक आहे, सगळं ठीक आहे. तुमचा फोन आला की फोनकडे बघतात फक्त." त्या रात्री मला झोप नव्हती आणि सकाळी ओस्वाल्दोच्या दारात त्याच्या आधी मी उभी होते. मोठी जागा घेतली. चारशे भरले, डुकराच्या शेजारची. हे तोट्याचं आहे हे मला कळतं, कुणी समजावून सांगायची गरज नाही. तू बोलली पाहिजेस असं मी म्हणत नाही. तू नुसती बस. बोलायचं मी बघते, मला जमत नाही, पोरं पळतील, पळू देत. ओस्वाल्दोनं पावती फाडताना विचारलं, "डोन्या अविल्दा येणार म्हणजे?" मी हो म्हटलं. आयुष्यभर पोरांना सांगत आले की पडताळा घेतल्याशिवाय उत्तराखाली रेघ मारू नका, आणि मी त्याच्या तोंडावर हो म्हणून आले. यारित्झाला तारखा सांगितल्या आहेत, ती तिकीट काढेल. सान हुआनच्या विमानतळावर मी स्वतः गाडी घेऊन येईन, घाटात हळू चालवीन. बाहेर पडशील तिथे दाराशीच असेन.

तुझीच, वाट अडवून उभी असलेली,
मिग्दालिया