भेगेत अडकलेली चप्पल

अकोला. एप्रिलचा शेवटचा मंगळवार, दिवेलागण.

शेजारच्या वेणूताईला आज नव्या कादंबरीचं प्रकरण वाचून दाखवलं. नेहमीसारखी मेथी निवडत ऐकत होती. तिने समुद्र कधी पाहिलेला नाही, आणि माझ्या प्रत्येक पुस्तकात समुद्रच. नायिका खाडीकडे धावते, वाटेत जमिनीच्या भेगेत तिची चप्पल अडकते. तिथे वेणूताईचा हात थांबला.

"काहून बाई, तुमच्या कोकणातबी अशा भेगा पडतेत? हे तं आमचं बार्शीटाकळीचं वावर होय."

"कादंबरीत चालतं गं," मी म्हटलं. राग आला होता खरं तर.

"मले समुद्र नाई समजत. भेग समजते."

ती गेल्यापासून तेच डोक्यात. आमच्याकडे तांबडी माती, जांभा दगड. चप्पल गिळणारी भेग लहानपणी पाहिली तरी होती का मी? नाही. ती इथलीच. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, काळ्या शेतात, माझीच चप्पल अडकली होती. हे किती हसले होते तेव्हा!

तीस वर्षं समजत होते, किनारा माझ्यात जसाच्या तसा आहे. आणखी काय काय बदललं असेल, मला न कळता?

ओळ खोडायला पेन उचललं. मग वाटलं, एकदा गावी जाऊन ती वाट डोळ्यांनी पाहून यावी. स्टुलावर चढून माळ्यावरची बॅगही ओढून काढली. दोन साड्या भरल्यावर आठवलं, दादा गेल्यावर घर विकलं. तिथे आता उतरायचं कोणाकडे?

बॅग पलंगावरच आहे. परत वर चढवायला सकाळी वेणूताईलाच हाक मारावी लागेल.