मुलीची गाठ आणि माझा शांत स्वभाव

३ मार्च
सकाळी पंपहाउस. दुपारी मुलीबरोबर डॉक्टरीणबाईंकडे. डाव्या अंडाशयात गाठ, एंडोमेट्रिओसिसची. आत जुनं, काळपट रक्त, म्हणून नाव चॉकलेट सिस्ट. मुलगी म्हणाली, बाबा, आता चॉकलेटही सुटलं. मी हसलो. घाबरलेलो नाही.

५ मार्च
पाणीपुरवठ्यात आयुष्य गेलं. टाकीत गाळ साचला तर टाकी फोडत नाहीत, उपसतात. सुईनं ओढून घ्यावं, ऑपरेशन नको. मुलीला समजावलं. ती म्हणाली, बाबा, मी टाकी नाही. विषय तात्पुरता थांबवला.

६ मार्च, संध्याकाळी
पॅसेजमध्ये भिंतीवरून तळहात घासत गेल्याचा आवाज. पोटात दुखलं की ही, मुलीची आई, अशीच चालायची. तिच्या हाताचा मळकट पट्टा अजून भिंतीवर आहे. बाहेर येऊन पाहिलं. मुलगी होती. हात त्याच पट्ट्यावर.
भिंत रंगवून टाकायची.

९ मार्च
रंग आणला नाही. दुकान बंद असणार.
डॉक्टरीणबाईंना फोन केला. नुसतं उपसलं तर गाठ बहुतेक पुन्हा भरते म्हणाल्या. दुर्बिणीतून गाठीचं अस्तर सोलून काढलं तर परतायची शक्यता कमी, पण सोबत थोडी चांगली स्त्रीबीजंही जातात. अस्तर जाळलं तर बीजं जरा वाचतात, गाठ मात्र परतू शकते. अंडाशयच काढणं अगदी शेवटी. मी विचारलं, भूल दिलेलं माणूस उठतं ना? तुमच्या मिसेसचं हृदयाचं ऑपरेशन होतं, हे वेगळं, म्हणाल्या.
ही हसत आत गेली आणि परत आली नाही, त्याचा इथे संबंधच नाही. मला फक्त माहिती हवी होती.

१२ मार्च
मुलीनं सोलून काढायचं ठरवलं. पुढे मूल हवं झालं तर अंडाशय हवं, आणि दुखणंही थांबायला हवं, म्हणाली. तारीख वीस. थिएटरच्या दारापर्यंत मी सोबत जाणार, धीर द्यायला. माझी ताई म्हणाली, तू नको रे, लोक तुलाच आधी भरती करतील. ताई थट्टेखोर आहे. रजा मंजूर.

१८ मार्च
कामावर ताईचा फोन. ऑपरेशन आज सकाळीच झालं. गाठ निघाली, अंडाशय वाचलं, मुलगी शुद्धीवर आहे.
सकाळी ऑफिसला म्हणून निघाली तेव्हा डबा मीच हातात दिला होता. तो ताईनं खाल्ला म्हणे.
वीस का सांगितलं, विचारलं. ताईचा आवाज बदलला. पोरीचं म्हणणं होतं, भूल घेताना बाबांचा चेहरा समोर नको. आईच्या वेळी पाहिलाय तो.
योग्यच केलंत, म्हणालो. मी तसा निवांतच होतो.
भेटायला उद्या बोलावलंय.
घरी आलो. दूध तापत ठेवलं. उतू गेलं. ओटा पुसला.