पायावरचं न्हाणं

आत्याबाई,

उद्या सकाळी आपल्या पूजाची लेक मी न्हाऊ घालायला पायावर घेणार आहे. तुमची पणती हो! मघापासून भीती वाटतेय. बोलावं तर कुणापाशी? बाळंतीण आणि बाळ दोघी दुपारच्या झोपल्यात. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही जाऊन हा दुसरा हिवाळा, पण सासूला विचारल्याशिवाय काही करायचं नाही ही सवय सुटता सुटत नाही बघा!

पोरगी तुमच्यावर गेलीय. नाक तुमचं आणि आवाजही तुमचाच. अंगावर पाणी पडलं की सगळ्या आळीचा उद्धार करते. बारशाला आलेल्या विहीणबाई पोट धरून हसल्या. मग त्यांची नजर माझ्या हातांवर गेली. जामखेडचा कोरडा वारा सुटला की माझं ठरलेलंच: कोपराखाली चट्टे, नडग्यांवर खपल्या, बोटांना चिरा.

"इहीनबाई, हातावर काय उठलंय वं? लेकराला लागंल की!"

तुम्ही असतात तर तुमचं उत्तर तयार होतं. "ऊस तोडलाय तिनं, पाल्यानं कापलंय." किती वर्षं चालवलंत हो हे! ऊसतोडीला कारखान्यावर होतो तोवर ठीक होतं, तिथं पाल्याच्या झोपड्यांत, कोपीकोपीत बायका खाजवतच बसलेल्या असायच्या. पण तोडीचा हंगाम संपला, पट्टा पडून गावी परतलो, कैऱ्यांचं लोणचं घालायचे दिवस आले, तरी माझी खाज थांबेना. बायका विचारू लागल्या. तर तुम्ही म्हणालात, "तिची कातडीच साखरंची हाय, मुंग्या लागत्यात!" हसत हसत गेल्या बिचाऱ्या.

पूजा पोटात असताना माझ्या रक्तात एचआयव्ही निघाला होता आणि तुमचा लेकही त्यानंच गेला, हे फक्त आपल्या दोघींत होतं. पोटचा मुलगा गेला तरी तुम्ही माझ्याकडे कधी बोट दाखवलं नाहीत. हे मी तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही. तुम्हाला असलं बोललेलं आवडतही नव्हतं.

पण आत्याबाई, तुमच्या त्या औषधांनी माझी सालटी काढली! रोज कढत पाणी, त्यात कडुलिंबाचा पाला, वर लाल साबण, आणि पाय घासायच्या वजरीनं माझे हात घासायचे. "खाज कढत पान्याला भिती," म्हणायचात. घटकाभर बरं वाटायचं हे खरं. नंतर अंग असं तडतडायचं की लुगड्याचा काठ लागला तरी जीव जायचा. दोष तुमचा एकटीचा नाही, अख्ख्या टोळीत खाजेवर हाच इलाज चालायचा.

नगरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाई आठवतात? एसटीत तुम्ही माझ्या हातांवर तुमचा पदर पसरून बसला होतात. त्यांनी आधी माझे हात उलटेपालटे करून पाहिले, मग तुम्हाला विचारलं, "आजी, लहान बाळाचं पाणी कसं बघता?"

"कोपर बुडवून."

"मग सुनेचंही तसंच बघा. या आजारात कातडी फार कोरडी पडते. कोमट पाणी, साबण अगदी थोडा, वजरी बंद. आणि अंग ओलसर आहे तोवरच मलम नाहीतर खोबरेल चोपडा."

"कोमट पान्यानं का कुटं आंग निगतंय?" असं पुटपुटत तुम्ही उठलात. पण दुसऱ्या दिवशी न्हाणीत माझ्या बादलीत कोपर बुडवून बसलेल्या दिसलात! तेल लावताना म्हणालात, "आता तूबी माझं बाळच." मी मोठ्यानं रडले. पुढं गोळ्या सुरू झाल्या, खाजही पुष्कळ उतरली.

म्हणूनच एक गोष्ट मला कधी उमगली नाही. माझ्या खरबरीत अंगावरून रोज उघडा हात फिरवणाऱ्या तुम्ही, पण माझ्या पूजाला मात्र एकदाही माझ्या पायावर घेऊ दिलं नाहीत. "तुझ्या नडग्या चिरल्यात, ऱ्हाऊ दे. मी घालते." मी उंबऱ्यात टॉवेल घेऊन उभी. ती तुमच्या पायांवर पालथी, गुबगुबीत, तेलानं चकाकणारी. आपल्याच लेकीचं न्हाणं लांबून बघायचं! का हो असं केलंत?

शेवटच्या वर्षी तुम्ही अंथरुणाला खिळलात आणि मी तुम्हाला न्हाऊ घालायला लागले, तेव्हा न विचारताच बोललात. "तुला न्हाई गं भ्याले मी कदी. पोरीसाटी भ्याले. तवा कुनाला काय ठावं हुतं?"

मी तुमच्या पाठीवर पाणी घालत राहिले. पण राग आला होता, आत्याबाई. खूप आला होता. थोडा अजून आहे. तुमच्यावर माया आहे म्हणून तो जात नाही, आणि तो आहे म्हणून माया काही कमी होत नाही.

तर विहीणबाईंना मी उसाचं नाव सांगितलं नाही. म्हटलं, "इसब आहे. कातडी कोरडी पडून होतो. तो लागत नाही." त्या म्हणाल्या, "तरी पन न्हाऊ घालायला बाई लावा की." लावली. शेजारची शकूमावशी येऊ लागली, आणि मी पुन्हा टॉवेल घेऊन उंबऱ्यात!

पूजानं ते पाहिलं. तिला सगळं माहीत आहे. तिचं रक्त लहानपणीच तपासून झालंय, ती निर्मळ आहे. मला घेऊन नगरला गेली आणि डॉक्टरांना थेट विचारलं. ते म्हणाले, "हात लावून, पायावर घेऊन हा आजार होत नाही. गोळ्या तुम्ही चुकवत नाही, रक्तात विषाणू सापडत नाही इतका कमी आहे. चिरा तेवढ्या भरू द्या, नाहीतर तुम्हालाच साबण झोंबेल. मग खुशाल नातीला न्हाऊ घाला." येताना एसटीत पूजा म्हणाली, "आई, मला नाही मिळालं तुझ्या पायावरचं. हिला मिळू दे."

चिरा भरल्यात. आज नडग्यांवरून हात फिरवून पाहिला, मऊ लागल्या. शकूमावशीला उद्या येऊ नकोस म्हणून सांगितलंय. डॉक्टरांचं पटलंय मला, पण तुमचा तो आवाज अजून कानात आहे ना, "ऱ्हाऊ दे, मी घालते."

म्हणून तुम्हाला शब्द देते. पाण्यात आधी कोपर बुडवीन. नाक दाबून सरळ करीन, तुम्ही पूजाचं करायचात तसं. पोरगी रडेल, मीही रडेन, दारात कुणी काही बोलेलही. पण कितीही भीती वाटली तरी तिला माझ्या पायावरून उचलून कुणाच्या हाती देणार नाही.

तुमच्याच हातची न्हालेली,
मंगल