पहिला रोडगा

२८ जानेवारी १९७९, नाचणगाव
लग्न होऊन आले त्याला आठवडा झाला. हिंगणघाटच्या गिरणीच्या भोंग्यावर वाढलेल्या मला हा वांग्यांचा मळा फार आवडला. सासूबाई देवकाबाई तोंडानं फटकळ, पण मायेच्या. मोठी जाऊ वच्छलाताई तर पहिल्याच दिवशी मैत्रीण झाली. तिला तिसरा महिना आहे, भूक जराही धरवत नाही. आम्ही दोघींनी एकाच कासाराकडून हिरव्या बांगड्या भरल्या.

४ फेब्रुवारी
आज मळ्यात रोडगे. सासूबाईंनी त्यांच्या सासूची रीत मला शिकवली: जाडसर कणीक, ओवा, तेलाचा हात लावून पदरावर पदर, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचे आणि मग गरम राखेत पुरायचे. पहिला रोडगा मात्र राखेतच ठेवायचा. या घरातली एक सून पोटुशी असताना उपाशी ठेवली होती. ती राखेत रोडगा चाचपत मेली. म्हणून तो तिचा. सासूबाई म्हणाल्या, त्याले हात नको लावजो, नाई तं ते एक सून नेते.

मला हसूच आलं. पण पुरुषांची पंगत उठेपर्यंत सुनांनी जेवायचं नाही, आणि माझ्या पोटात कावळे ओरडत होते. कुणी बघत नाही असं पाहून राख उकरली आणि तो खाल्ला. ना तूप, ना भाजी, तरी काय चव होती!

६ फेब्रुवारी
राख पाटीत भरताना सासूबाईंना पहिल्या रोडग्याऐवजी नुसता जळका पापुद्रा सापडला. आळ वच्छलाताईवर आला, भुकेली तीच ना! ती रडत नाही नाही म्हणत होती. मी भांडी घासत राहिले.

९ फेब्रुवारी
वच्छलाताईच्या घशाखाली घास उतरत नाही. सकाळी ओठांवर राख असते. पुसली की पुन्हा येते. म्हणाली, कोणीतरी माह्या तोंडातला घास काढून राह्यलं. मग विचारलं, तू तं मानते ना, म्या नाई खाल्ला? मी हो म्हटलं. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

१२ फेब्रुवारी
आज सांगणारच होते. सासूबाईंपुढे उभी राहिले— आणि विचारलं, वरणाला फोडणी देऊ का. थू माझ्यावर.

१३ फेब्रुवारी
वच्छलाताई गेली. पोटातल्या जिवासकट.

११ मार्च
सुतक फिटून दोन आठवडे झाले. आज पुन्हा रोडगे. पहिला मीच पुरला. भर दुपार, सगळे विहिरीवर, मी वही घेऊन राखेपाशी.
राख हलते आहे—
हात. हिरव्या बांगड्या— त्याच—
त्या हातानं रोडगा बाजूला सारला. तो नको तिला—
सांगते, ताई, आत्ता सांगते. सासूबाईंना हाक मारते—
तोंड उघडलं तर राख— तोंडभर—
लिहिते तरी— सासूबाई, वच्छलाताईनं नाही, मी खा—