आडोशाचा नवा पट्टा

प्रिय सिल्विया,

बाबा पोहायला गेलेत, म्हणून निवांत लिहायला बसले आहे. सहाराच्या बाजूचं हे जेर्बा बेट सपाट आहे, समुद्र आपल्या बाल्टिकपेक्षा कितीतरी कोमट. हॉटेलात अर्धेअधिक पोलिशच आहेत, त्यामुळे परदेशात असल्यासारखं फक्त ऊन लागल्यावर वाटतं. तू सोपवलेली कामगिरी मात्र फत्ते झालेली नाही. समुद्र आणि वाळवंट दाखवून आणलं की लुत्सिनाबाई बाबांच्या डोक्यातून जातील आणि त्या दोघांचं सप्टेंबरातलं लग्न टळेल, असा आपला बेत होता. आपला म्हणते, कारण बाबांचे फोन उचलायचं तू थांबवलंस, पण तिकिटं मी काढली.

फजिती विमानतळावरच सुरू झाली. बाल्टिककाठी वेबाच्या किनाऱ्यावर दर उन्हाळ्यात लावायचे तो कापडी आडोसा बाबांनी बरोबर घेतला, खुंट्या आणि लाकडी हातोड्यासकट. तिथे छत्र्या असतात, असं मी म्हटलं; तर म्हणाले, छत्री उन्हासाठी, वाऱ्याचं काय? पहिल्याच सकाळी, तिकडच्यासारखी जागा धरायला, नाश्त्याआधी त्यांनी खुंट्या ठोकल्या. फ्रेंच मंडळी चकित झाली. आपली मंडळी मात्र, आपण का नाही आणला, अशा चेहऱ्याने बघत होती. आतल्या जागा तुला पाठच आहेत: वाऱ्याकडे बाबा, मधे आपण दोघी, कोपऱ्यात आई. आई गेल्यापासून तो कोपरा रिकामा असतो. इथेही तिथे फक्त थर्मास ठेवला.

परवा वाळवंटात गेलो. वाळूचा रंग मी ठरवू शकले नाही. वहीत तीनदा लिहून खोडलं. बाबा म्हणाले, वेबाच आहे, नुसते तळलेले मासे नाहीत. जेवायला थांबलो आणि वारा उठला. दाताखाली वाळू येऊ लागली, तसा बाबांनी जीपमधून आडोसा काढला. आमचा ड्रायव्हर मोन्सफ पर्यटकांकडून पोलिश शिकलेला. त्याला हसू आवरेना.

"काका, सहारात तुमची जागा कोण बळकावणार?"

"जागेसाठी नाही रे, सँडविचसाठी," बाबा हातोडा न थांबवता म्हणाले.

थोड्या वेळाने मोन्सफच आपलं ताट घेऊन आत आला, मागोमाग आमच्याच जीपमधलं पोझनानचं एक जोडपं. सगळे ऐसपैस मावलो. तेव्हा मला खटकलं. आपण चौघं तर आत गुडघे दुमडून बसायचो. मग नीट पाहिलं. आईने शिवलेले निळे-पांढरे पट्टे जसेच्या तसे आहेत. टोकाला एक हिरवा पट्टा जोडलाय, नव्या खुंटीसकट. शिवण आईच्या शिवणीपेक्षा सरळ आहे. हे तुला लिहावं की नाही, यावर मी बराच वेळ अडले होते.

विचारलं, तर बाबा पाव खाता खाता म्हणाले, "लुत्सिनाने जोडलाय. मी तिला म्हटलं, कोपऱ्यात बस. तर म्हणाली, ती जागा तुमच्या बायकोची. मला बसवायचं तर कापड वाढवा."

एवढंच बोलून त्यांनी मोन्सफपुढे काकडीच्या लोणच्याची बरणी सरकवली.

एका शिवणीवरून मी फितूर झाले का, हे स्वतःला विचारते आहे. लुत्सिनाबाई मला अजूनही आवडत नाहीत. फार मोठ्याने बोलतात, आणि त्यांचा कुत्रा सोफ्यावर झोपतो. पण लुत्सिनाबाई घरातून आईला पुसून टाकतील म्हणून आपण नाही म्हणत होतो, आणि ते कारण आता मला प्रामाणिकपणे देता येत नाही.

म्हणून हे पत्र. लग्नाला साक्षीदार मी राहीन, असं काल मी बाबांना सांगितलं. कायद्याने दोन लागतात. दुसरा कोण, असं मी विचारलं. शेजारचे बुझेकसाहेब तयार आहेत, पण बाबांनी त्यांना अजून हो म्हटलेलं नाही. का, विचारलं तर कलिंगड कापायला घेतलं. आज सकाळी किनाऱ्यावर आम्ही दोघंच होतो, तरी त्यांनी आडोसा पूर्ण उलगडला. मी मधोमध टॉवेल पसरला, तर हातातली खुंटी तशीच धरून म्हणाले, "जरा सरक. तिथे सिल्विया बसते."

मी सरकले आहे.

तुझीच,
बोग्ना