बोलायला हरकत नाही

दि. २ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. तुमचे गुडघे आता जिना चढू देतात का ते कळवा. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत, म्हणजे ठीकच म्हणायचं.

फोन करत नाही म्हणून रागावू नका. ऑपरेशनपासून माझं बोलणं बंद आहे. ह्यांना तुम्ही फोनवर म्हणालात ना, "जबड्याचं कसलं आलंय ऑपरेशन, दाढ काढली असेल." तसं नव्हतं. कानाच्या अगदी पुढे, तोंड उघडताना जिथे हाताला हलल्यासारखं लागतं, तिथल्या सांध्यात एक छोटी चकती असते, गादीसारखी. माझी उजवीकडची पुढे सरकली होती. सुरुवातीला नुसतं कट् कट् वाजायचं. ते माझ्याआधी ह्यांनी ऐकलं. "जेवताना तुझ्या कानापाशी काहीतरी वाजतंय," म्हणाले. मग एक दिवस वाजायचं थांबलं आणि तोंडच उघडेना. जेमतेम एक बोट आत जायचं. चमचासुद्धा तिरका करून सारायचा. दातांवर बसवायची पट्टी झाली, सुईने सांधा धुऊन झाला, काही गुण नाही. शेवटी कानापुढे चीर देऊन चकती मागे ओढली आणि टाके घालून जागेवर बसवली.

सर्जनबाई तरुण आहेत, बोलायला सरळ. ऑपरेशनच्या आधीच त्यांनी विचारलं होतं, "दात आवळून धरायची सवय आहे का? घरी फार ताण असतो का?" हे शेजारच्याच खुर्चीत होते. मी नाही म्हटलं.

उजवी भुवई अजून वर जात नाही. तिथली नस दुखावते म्हणे, येईल हळूहळू. जाता-येता आरशात बघते तर एका बाजूने मला कशाचंच नवल वाटत नाही असं दिसतं.

आमचं चालतं कसं, असं तुम्हाला वाटेल. मी बोलायचं नाही आणि ह्यांना दिसायचं नाही, म्हणजे चिठ्ठी लिहूनही उपयोग नाही. शेवटी युक्ती ह्यांनीच काढली. हात पुढे करतात. तळहातावर एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. "आमच्या साहेबापेक्षा बरं, इथे निदान उत्तर तरी मिळतं," म्हणाले आणि एकटेच हसले.

आयुष्यभर नकाशे काढलेला माणूस, डोळे गेल्यावर सगळं माझ्या तोंडून बघायचे. ढग आलेत म्हटलं की, कुठल्या बाजूने आलेत, किती खाली आहेत, कडा कशी आहे. समोरच्या इमारतीत कुणी पडदा बदलला तरी त्याचा रंग सांगायचा, आणि नुसता निळा म्हणून भागायचं नाही. आता विचारत नाहीत. खिडकीशी बसून असतात.

मागच्या आठवड्यात ह्यांचा डावा हात भाजला. चहा स्वतः करायचं मनात घेतलं आणि उकळतं पाणी हातावर आलं. मी घरात नव्हते, खाली शिंपीणबाईंकडे उशांचे अभ्रे टाकायला गेले होते. त्यांना विचारलं तर म्हणाल्या कोरफड लावा, तीच लावते आहे. फोड आता बसलेत. काळजी करू नका.

डॉक्टर म्हणतात, अजून काही दिवस बोलायचं नाही.

तुमची भावजय


दि. ९ डिसेंबर

ताई,

तुमचं पत्र परवा आलं. तुम्ही आडपडदा न ठेवता विचारलंत, बरं केलंत. "बोलणं बंद आहे म्हणतेस, मग शिंपीणबाईंना विचारलंस कसं?" हे वाचलं आणि पत्र घेऊन बराच वेळ न्हाणीघरात जाऊन बसले. ह्यांनी तुम्हाला फोन करून "तुझ्याकडे राहायला येऊ का" असं विचारलं, तेही तुमच्याच पत्रातून कळलं.

आधी जबड्याचं सांगते. लाकडी पट्ट्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, रोज एखादी वाढवायची, असा व्यायाम होता. आता तीन बोटं सहज जातात. सांध्याचं काम चोख झालंय. सर्जनबाईंनी बोलायची बंदी घातली होती ती टाके निघेपर्यंतच. ते तर तुम्हाला पहिलं पत्र लिहायच्या आधीच निघाले होते. "आता बोलायला हरकत नाही," असं त्या माझ्या तोंडावर म्हणाल्या. त्या दिवशी हे बरोबर नव्हते, सर्दी झाली म्हणून घरी राहिले होते. मी परत आले. ह्यांनी हात पुढे केला आणि विचारलं, "अजून बंदीच का?" मी एक टिचकी मारली.

का मारली, ते धड सांगता येणार नाही. ठरवून नव्हतं. दुसऱ्या दिवशी सांगू असं वाटलं, मग त्याच्या दुसऱ्या दिवशी. पण ताई, खरं लिहिते, मला त्यात बरं वाटत होतं. एकदा दुपारी समोरच्या गच्चीवर एक बाई केस वाळवत बसली होती. मी तिच्याकडे खूप वेळ बघत राहिले. ह्यांचे डोळे गेल्यापासून पहिल्यांदाच मी काहीतरी बघितलं आणि ते कुणाला सांगितलं नाही. ते माझं एकटीचं राहिलं.

हात भाजला तेव्हा मी खाली नव्हते. स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ह्यांनी पातेल्याचा अंदाज घ्यायला हात लांब केला, आणि पातेल्याचा दांडा त्यांच्या समजुतीपेक्षा वीतभर अलीकडे होता. ते मला दिसत होतं. 'थांबा' म्हणायचं होतं, बस. तोंड उघडलंसुद्धा. आणि तेवढ्यात मनात आलं, बोलले तर संपलं. मग मी धावले, पण तोवर पातेलं हातावर कलंडलं होतं. हे ओरडले नाहीत. हात नळाखाली धरला आणि म्हणाले, "तू इथेच होतीस का?" मी त्यांच्या पाठीवर दोन टिचक्या मारल्या. जी पाठीशी उभी आहे ती नाही म्हणून सांगते आहे. काय समजले असतील ते?

त्यानंतर काही दिवसांनी मी शिंपीणबाईंच्या दुकानात होते. त्यांनी एका गिऱ्हाइकाची गंमत सांगितली, पँट आखूड झाली म्हणून भांडायला आलेला आणि निघाला दुसऱ्याचीच पँट घेऊन. मी मोठ्याने हसले, मग माझीही एक गंमत सांगितली. बोलता बोलता वळले तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर हे, कठडा धरून. डोळे गेल्यापासून एकटे कधी खाली उतरले नव्हते. पायात सपाता, एक उलटी घातलेली. क्षणभर कान देऊन उभे राहिले, मग पाठ फिरवून पायरी चाचपत वर चढायला लागले.

मी वर गेले तेव्हा खिडकीशी बसले होते. हात पुढे केला. "दुखतंय का अजून?"

मी एक टिचकी मारली.

"मग राहू दे," म्हणाले. "घाई नको."

तेव्हापासून रोज तसंच. हात पुढे करतात, विचारतात, मी टिचकी मारते, आणि दोघांनाही माहीत असतं. मला वाटत होतं ते एखाद्या दिवशी चिडतील, निदान भांडी तरी आदळतील. त्यांनी तुम्हाला फोन केला.

आज सकाळी चहा पिताना मी बोलले. "मला बोलता येतं," एवढंच. इतक्या दिवसांनी त्यांच्यासमोर माझाच आवाज मला परका वाटला.

"माहीत आहे," ते म्हणाले.

"रागावलात?"

त्यांनी कप फिरवून खाली ठेवला. "तुझं तोंड उघडेना तेव्हा डॉक्टर म्हणाल्या होत्या, घरी ताण असतो का. तू नाही म्हणालीस. तुझा श्वास मला ऐकू येत होता. मी तेव्हाच समजलो होतो. पण समजून मी केलं काय? घरी आल्यावर रस्त्यात काय काय दिसलं ते विचारलं." मग म्हणाले, "मी ताईकडे जातो. तू घालवतेस म्हणून नाही. पण जातो."

मी काहीतरी बोलेन म्हणून ते थांबले. चेहरा माझ्याकडे होता, थोडा डावीकडे चुकलेला. ताई, 'जाऊ नका', दोनच शब्द होते. जबडा दुखत नव्हता, तोंड अगदी सहज उघडलं असतं. मी उठून कप विसळले.

रविवारी मी त्यांना घेऊन येते आणि त्याच दिवशी परत निघेन. राहा म्हणू नका. त्यांची खोली जिन्यापासून लांबची असू द्या. वस्तू जागच्या जागी ठेवा, हलवल्या तर आधी सांगा. हाताला नवी कातडी आली आहे, तिला गरम सोसत नाही. आणि खिडकीबाहेर काय आहे ते त्यांनी विचारलं, तर तुम्हाला जमेल तेवढंच सांगा. न जमेल त्या दिवशी नाही म्हणा. ते ऐकतील. मी कधी म्हणून बघितलं नाही.

हे लिहिताना ते शेजारच्या खोलीत बॅग भरताहेत. पेन चालल्याचा आवाज त्यांना ऐकू जातो. एकदाही विचारलं नाही, काय लिहितेस.

तुम्ही मानाल तोवर तुमचीच,
भावजय