शेजारणीची शेकोटी

प्रिय आर्डिसताई,

धाकट्या ऑर्विनचा नमस्कार. अ‍ॅरिझोनाच्या उन्हात तुझे गुडघे आता कुरकुरत नसतील. इथे डुलुथमध्ये मी ठणठणीत आहे, म्हणजे गोठलेला आहे.

नाताळात तू राहून गेलीस आणि माझ्या गॅसच्या शेकोटीचा रिमोट बेपत्ता झाला (मी कुणाचं नाव घेत नाही). दुकानदाराने एक युनिव्हर्सल रिमोट गळ्यात मारला. म्हणाला, ‘‘या एकावर अख्खं घर नाचेल!’’ नाचलं की! टीव्हीवरची हॉकी बंद पडली, गॅरेजचं दार उघडलं, शेकोटी मात्र ढिम्म. शेवटी रिमोटवरचा हिरवा दिवा लागला, तेव्हा जुळलं असं मी धरून चाललो. मग रोज संध्याकाळी कोट-टोपी घालून थंडगार शेकोटीसमोर बसायचं आणि ‘आणखी गरम’चं बटण दाबत राहायचं (तिला जरा वेळ लागत असेल, असं आपलं मला वाटायचं).

आमचं जोडघर तुला माहीतच आहे. मधल्या भिंतीपलीकडे व्हर्नाबाई, चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात त्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. ऐन जानेवारीत त्यांच्या खिडक्या सताड उघड्या दिसू लागल्या. बाईंचं काहीतरी बिनसलंय हे कळत होतं, पण विचारणार कसं? आपल्याकडे शेजाऱ्याचं छप्पर उडालं तरी आधी हवेबद्दलच बोलायचं असतं.

मग एके दिवशी त्या ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाट्याच्या हॉटडिशचं भांडं घेऊन दारात उभ्या. बाहेर बर्फ, अंगात अर्ध्या बाह्यांचा झगा आणि कपाळावर घाम! समोर मी, हातमोज्यांसकट.

‘‘जरा गारवा आहे, नाही?’’ मी म्हटलं.

‘‘हो ना. तुमचं कसं चाललंय?’’

‘‘मजेत. तुमचं?’’

‘‘तक्रार अशी काही नाही हो. कॉफीला येता?’’

दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा हो, ही रीत तू विसरली नसशीलच. माझ्या दुसऱ्या नकारावर त्या वळल्या आणि माझा जीव टांगणीला लागला. पण पायरीवर थांबून त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं!

त्यांच्या खुर्चीत टेकलो, तर कोटाच्या खिशातला रिमोट दाबला गेला आणि त्यांची शेकोटी भडकली. ‘‘बघा! रोज अशीच पेटते,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मला वाटलं, आमच्या ह्यांना तिकडूनही माझी काळजी!’’

मी ओशाळून रिमोट पुढे केला. त्या इतक्या हसल्या, की कॉफी बशीत सांडली.

‘‘अहो, मग गारठत बसण्याऐवजी बोलला का नाहीत?’’ त्यांनी विचारलं.

‘‘उगाच कशाला कुणाला त्रास!’’

तेव्हापासून रिमोट माझ्याकडेच आहे. मी त्यांच्याकडे निघताना बटण दाबतो, त्यांची शेकोटी पेटली की त्या कॉफी ठेवतात. ताई, या वयात मला इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं गं.

तुझा ऑर्विन

ता. क. जुना रिमोट तुझ्या विणकामाच्या पिशवीत सापडला, पाठवू का, असं तू विचारलंस. खरं तर तेवढ्यासाठीच हे पत्र: पाठवू नकोस! व्हर्नाबाईंचा फोन आला तर तो कायमचा हरवला म्हणून सांग.

ता. क. २ : आर्डिसबाई, मी व्हर्ना. पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय आणि पाकीट उघडंच होतं. रिमोट राहू दे तिकडेच. ह्यांच्या शेकोटीखाली जाळीमागे एक बटण आहे, रिमोटशिवाय हाताने पेटवायचं आणि विझवायचं. ह्यांना सांगू नका. माझ्या शेकोटीलाही तसंच आहे. तेही सांगू नका.